घर सोडायचा आकडा

पूरपट्ट्यातल्या गावांत आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतात आणि त्यांत पहिला विषय निघतो तो बोटींचा. बोटी किती आहेत, त्यांतल्या चालू किती, इंजिन शेवटचं कधी तपासलं, लाइफ जॅकेटं धड आहेत का, चालवणारी माणसं कोण. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण पंचगंगा आणि कृष्णेच्या काठच्या गावांत हे काम करत राहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. पुरात एखादं कुटुंब सुखरूप बाहेर पडतं की छपरावर अडकतं, याचा निकाल बोट येण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. घर केव्हा सोडायचं हे ज्यांनी कोरड्या दिवसांत ठरवून ठेवलेलं असतं, ते बहुधा आपल्या पायांनी, आपल्या जनावरांसह, दिवसाउजेडी बाहेर पडतात. ज्यांनी ठरवलेलं नसतं, ते पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबतात आणि मग त्यांच्यासाठी बोट पाठवावी लागते. म्हणून पुराच्या तयारीत साहित्याच्या आधी निर्णयाचा विचार व्हायला हवा, आणि तो निर्णय एका आकड्याला बांधलेला हवा. नदी अमुक फुटांवर गेली की आम्ही निघणार, मग आपल्या डोक्यावरचं आभाळ कसंही असो. या म्हणण्यावर रास्त आक्षेप आहेत आणि ते मी गावसभांमध्ये नेहमी ऐकतो. त्यांना उत्तर देता आलं तरच हे म्हणणं मांडण्यात अर्थ आहे.

असा आकडा ठरवता येतो, कारण इथली नदी वेळ देते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतं आणि तिथून पंचगंगा सुरू होते. पाऊस कोसळतो तो गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात. शिरोळच्या सपाटीवर त्याच वेळी नुसती भुरभुर असू शकते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की ते कुणाच्याही हुकमाची वाट न पाहता उघडतात. तिथून सुटलेलं पाणी कोल्हापुरात पोचायला काही तास लागतात आणि शिरोळपर्यंत यायला त्याहून जास्त. कृष्णेचंही तेच. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली म्हणजे ते पाणी सांगलीत उभं राहिलं असं होत नाही, मधल्या अंतराला वेळ लागतो. हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढत राहतं. त्यामुळे इथला पूर इंचाइंचानं वर येतो, आला की दिवसच्या दिवस मुक्काम करतो आणि उतरतानाही घाई करत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, तो याच कारणानं. एवढ्या सावकाश चढणाऱ्या पाण्यातही माणसं अडकतात, याचा अर्थ अडचण पाण्याच्या वेगात नसून आपल्या वाट पाहण्यात आहे.

नदीची पातळी मोजण्याची व्यवस्था या भागात जुनी आहे आणि लोकांच्या तोंडी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट. पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही हे आकडे ऐकू येतात. पण हे आकडे त्या त्या ठिकाणचे आहेत. दहा-वीस किलोमीटरवरच्या गावाला त्यांचं भाषांतर आपल्या गावापुरतं करून घ्यावं लागतं, आणि बहुतेक गावं इथेच थांबतात. आमच्या घरात पाणी कधी येतं, एवढाच हिशेब लोक मांडतात. खरा हिशेब आहे तो गावाबाहेर जाणारा शेवटचा रस्ता कधी बुडतो याचा. घर गावठाणात उंचावर असतं, पण रस्ता ओढ्यावरून, मळीतून, एखाद्या ठेंगण्या मोरीवरून जातो. तो घराच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. म्हणून बैठकीत जाणत्या माणसांना विचारायचं ते हेच: बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या ओढ्यावरची मोरी बुडते? हे उत्तर गावात असतंच. तलाठ्याच्या दप्तरात नसलं तरी दूध गाडीच्या ड्रायव्हरला माहीत असतं. त्या आकड्यातून मग आपल्याला बाहेर पडायला लागणाऱ्या वेळात पाणी जेवढं चढतं, तेवढे फूट वजा करायचे. गावात जनावरं किती, ती न्यायला टेम्पो आणि ट्रॉल्या किती, एका खेपेला किती वेळ, अंथरुणाला खिळलेली माणसं किती. रात्री पाण्याच्या काठानं जनावरं हाकायची नाहीत, हे गृहीत धरून अंधाराचे तासही त्या वेळात मोजायचे. उरतो तो घर सोडायचा आकडा. तो इशारा पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली निघाला तर दचकू नये. सखल गावासाठी तो तसाच निघणार.

हे गणित अवघड नाही, तरी ते कुणी मांडत नाही. याचं कारण आळस नाही. माणूस धोका दोन गोष्टींवरून ओळखतो: समोर काय दिसतं आणि मागे काय झालं होतं. पुराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी फसवतात. समोर दिसतं ते आपल्या गावावरचं आभाळ. सांगली जिल्ह्यात हे फार ठळकपणे जाणवतं, कारण जत आणि आटपाडीसारखे तालुके टँकरची वाट पाहत असताना त्याच जिल्ह्यात पलूस आणि मिरजेच्या नदीकाठच्या गावांवर महापूर येऊ शकतो. ऊन पडलं की लोक म्हणतात, पाऊस थांबला, आता काय चढतंय पाणी. पण पाणी चढतं ते पश्चिमेला काल पडून गेलेल्या पावसाचं. दुसरी खूण म्हणजे मागच्या पुराची रेघ. भिंतीवर, देवळाच्या पायरीवर, पिंपळाच्या पारावर ती असते आणि घरोघरी तिचा हवाला दिला जातो. 2005 मध्ये सांगलीत कृष्णा सुमारे 54 फुटांपर्यंत गेली होती. त्या रेघेच्या भरवशावर अनेकांनी 2019 मध्ये सामान माळ्यावर चढवलं आणि स्वतः घरातच राहिले. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. कोल्हापुरात 2019 मध्ये पंचगंगा सुमारे साडेपंचावन्न फुटांवर पोचली, तेव्हा यापुढे काही नाही असं वाटलं. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, ती 56 फुटांच्या पुढे गेली. मागची रेघ एवढंच सांगते की निदान इतकं पाणी येऊ शकतं. याहून जास्त येणार नाही, असं ती कधीच सांगत नाही.

उशिरा घेतलेल्या निर्णयाची किंमत काय असते, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळचं आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी तिथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. त्यांत बायका आणि मुलंही होती. त्या बोटीतली माणसं हट्टानं घरात बसलेली नव्हती, ती बाहेरच पडत होती. म्हणून दोष त्यांच्यावर टाकणं चूक आणि क्रूर आहे. शिकायचं ते असं की पाणी चहूबाजूंनी आल्यावर बाहेर पडणं हेच एक मोठं संकट बनतं. बोटीच्या क्षमतेहून अधिक माणसं बोटीकडे धावतात, कारण पुढची खेप येईलच याची खात्री कुणालाच नसते. पाण्याखाली काय आहे दिसत नाही. ऊस, तारेचं कुंपण, विजेचा खांब, विहिरीचा कठडा, सगळं त्या तांबूस पाण्याखाली गेलेलं असतं आणि यंत्राच्या पंख्यात काहीही अडकू शकतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. तिच्या जवानांना अशा पाण्याचं प्रशिक्षण असतं, तरी एकाच वेळी शेकडो गावांना वेढा पडला की त्यांच्या बोटी पुरणं शक्य नसतं. शिवाय त्या पोचायला रस्ता लागतो आणि रस्ताच तर बुडालेला असतो. जे कुटुंब आदल्या दिवशी ट्रॉलीत बसून बाहेर गेलं, त्यानं स्वतःचा जीव वाचवलाच, वर बोटीतली जागा अशा कुणासाठी मोकळी ठेवली ज्याला खरोखरच दुसरा मार्ग नव्हता.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. तो जनावरांचा असतो आणि तो पूर्णपणे रास्त आहे. बाहेरून येणारे अधिकारी आणि स्वयंसेवक बऱ्याचदा म्हणतात की लोक म्हशीपायी जीव धोक्यात घालतात. पण दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते. अल्पभूधारकाचं वर्षभराचं रोख उत्पन्न तिच्यावर असतं, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं त्यावर किराणा आणि मुलांची फी भागते. ती दावणीला बुडू देऊन आपण निवारा केंद्रात खिचडी खायची, हे कुणालाच जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही धरू नये. त्यामुळे ज्या स्थलांतराच्या आराखड्यात माणसांसाठी शाळेची खोली आहे पण जनावरांसाठी जागा नाही, तो आराखडा कागदावरच राहतो. जनावरं बाहेर काढणं हे काम म्हणून समजून घ्यायला हवं. म्हैस अनोळखी ट्रॉलीत चढत नाही. तिला चढवायला फळी लागते, फळीवर पोतं टाकावं लागतं म्हणजे खूर घसरत नाहीत, आणि तिची रोजची धार काढणारं माणूस पुढे उभं राहिलं तरच ती पाऊल टाकते. म्हणजे घरातली बाई आधी निवाऱ्यात पाठवायची आणि पुरुषांनी मागे राहून जनावरं काढायची, ही नेहमीची वाटणी अनेक घरांत चालतच नाही, कारण म्हैस तिचंच ऐकते. पुढे छावणीत वैरण लागते, पिण्याचं स्वच्छ पाणी लागतं, कासदाहाची काळजी घ्यावी लागते, दूध घालायची सोय लागते. हे सगळं कुठल्या माळावर, कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या वैरणीवर होणार हे मे महिन्यात ठरलं असेल, तर जूनमध्ये म्हैस हा अडसर राहत नाही. आणि शेवटच्या क्षणी काहीच जमलं नाही तर निदान दावं सोडून द्यावं. मोकळं जनावर पोहून उंचवटा गाठतं, बांधलेलं जागच्या जागी मरतं.

दुसरा आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा. एकदा सगळं गाव हलवलं आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या वेळी कोण हलेल? या प्रश्नात तथ्य आहे. हवामान खातं 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला जोरदार म्हणतं, 204.5 च्या पुढच्याला अत्यंत जोरदार. त्याप्रमाणे पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे जातात, पण ते गावागावाचे नसतात, मोठ्या पट्ट्याचे असतात. गगनबावड्याला लाल ठरणारा दिवस हातकणंगल्याला कोरडा जाऊ शकतो. लोकांचा विश्वास उडतो तो यामुळे, आणि म्हणूनच मी पावसाच्या अंदाजापेक्षा नदीच्या आकड्यावर भर देतो. अंदाज म्हणजे शक्यता असते. बंधाऱ्यावरची पातळी आणि धरणातून सुटलेला विसर्ग ही घडून गेलेली गोष्ट असते. तरीही काही वर्षी असं होणारच की आपण निघालो आणि पाणी दोन फूट खालीच थांबलं. तो खर्च मान्य करावा लागतो. त्या खर्चाची तुलना काही न करता घरी बसण्याशी केली तर तो जास्त वाटतो. एखाद्या वर्षी अडकल्यावर काय गमवावं लागतं याच्याशी केली तर दोन दिवसांचं भाडं आणि गैरसोय फार नाही. दुसरंही आहे. जे गाव पाणी न येता एकदा हलून परत आलं, त्याला आपली फळी कुठे तोकडी पडली, कुठला टेम्पोवाला आलाच नाही, कोणत्या गल्लीला निरोपच गेला नाही, हे सगळं जिवावर न बेतता कळतं. पैसे खर्चून घेतलेल्या रंगीत तालमीत यातलं फार थोडं कळतं.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो टाळता येत नाही. लोक विचारतात, पूर आला तो धरणांच्या चुकीच्या नियोजनामुळे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यामुळे, नदीपात्रातल्या भरावामुळे आणि बांधकामांमुळे. मग तयारीचा भार आमच्याच डोक्यावर का? 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिनं अलमट्टीला थेट जबाबदार धरलं नाही, अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. त्या निष्कर्षाशी या भागातले अनेक अभ्यासक आणि कार्यकर्ते सहमत नाहीत. हा वाद पुराव्यानिशी चालू राहायला हवा, कारण त्यातूनच धरणांमधल्या समन्वयावर दबाव राहतो. पूररेषांचंही तेच. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये असा नियम आहे, आणि तरी नदीकाठच्या शहरांमध्ये त्या रेषेच्या आत इमारती, लॉन आणि भराव दिसतात. याबद्दल जाब विचारणं हा नागरिकांचा हक्क आहे. मात्र जबाबदारी कुणाची हा प्रश्न आणि आज संध्याकाळी घर सोडायचं का हा प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर मिळायला वर्षं जातात, दुसऱ्याला तास असतात. घर सोडायचा आकडा ठरवलेलं गाव प्रशासनाला माफ करत नाही. उलट ते अधिक नेमकी मागणी करू शकतं: विसर्ग वाढवण्याआधी इतके तास आम्हाला कळवा, कारण आमची जनावरं हलवायला तेवढे तास लागतात. अशी मागणी मोघम तक्रारीपेक्षा टाळायला कठीण असते.

चौथा आक्षेप कोकणातून येतो. तुमची नदी वेळ देते, आमची देत नाही. हे खरं आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी पहाटेच्या काही तासांत बाजारपेठेत आणि पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. वरचा पाऊस, भरतीची वेळ आणि कोळकेवाडी धरणाकडून येणारं पाणी यांचा तिथे एकत्र विचार करावा लागतो. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचं पाणी कुणाला कळायच्या आत वस्त्यांमध्ये शिरलं. अशा ठिकाणी बाहेर पडण्याचा आकडा लावत बसलं तर उशीर होतो. पण आधी ठरवून ठेवण्याचं महत्त्व तिथे कमी होत नाही, उलट वाढतं, कारण विचार करायला वेळच नसतो. तिथे ठरवायचं ते वर कुठे चढायचं: कुणाची पक्की गच्ची, किल्ली कुणाकडे, रात्री कोण कोणाला उठवणार, तळमजल्यावरचा आजारी माणूस कोण उचलणार. दरडीच्या गावांना तर आकडा पावसाचाच लावावा लागतो, कारण डोंगराला पातळीची पट्टी नसते. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023, या तिन्ही ठिकाणी दरड कोसळली ती सलग जोरदार पावसानंतर. भिंतीला नवी भेग, झाडं कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, अशा खुणा दिसल्या की पंचांची वाट न पाहता वस्ती सोडायची, हे ठरलेलं हवं. पावसाच्या रात्री घरात झोपायचं की खालच्या शाळेत, याचा निर्णय दिवस मावळायच्या आत झाला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला आकड्याहूनही जास्त अस्वस्थ करते. आकडा ठरतो तो गावसभेत, आणि गावसभेत सगळं गाव नसतं. वीटभट्टीवर राहिलेलं मजूर कुटुंब, साखर कारखान्याच्या आवारातला परप्रांतीय कामगार, मळ्यातल्या वस्तीवरचा सालगडी, भाड्याच्या खोलीत राहणारी एकटी बाई, यांच्यापैकी कुणाला राजाराम बंधाऱ्याचा आकडा सांगितलेला नसतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ते नसतात. दवंडी त्यांच्या वस्तीपर्यंत पोचत नाही, आणि पोचली तरी भाषा परकी असते. त्यांच्याकडे टेम्पो नाही, नातेवाइकांचं घर जवळ नाही, आणि घर सोडलं तर पंचनाम्यात आपलं नाव येणार नाही अशी भीतीही असते. ही शेवटची भीती गावच्या नेहमीच्या रहिवाशांनाही असते, चोरीच्या भीतीबरोबर. तिच्यावर भाषणानं उपाय होत नाही. पाणी यायच्या आधी घरोघरी फोटो काढून तलाठी आणि ग्रामसेवकाकडे यादी दिली, गाव रिकामं झाल्यावर वेशीवर होमगार्ड किंवा तरुण मंडळाचा पहारा बसवला, आणि हे सगळ्यांना आधी सांगितलं, तरच लोक निघतात. गरोदर बाई, डायलिसिसवरचा रुग्ण, अंथरुणावरची म्हातारी यांची यादी आशा सेविकेकडे तयार असते, कारण ती या घरांत वर्षभर जाते. आकडा यायच्या आदल्या टप्प्यालाच ही माणसं हलायला हवीत. सगळ्यांबरोबर त्यांना न्यायचं ठरवलं तर ती शेवटीच राहतात.

घरापुरती तयारी मी मुद्दाम इथे उशिरा आणली, कारण ती सगळ्यांना ठाऊक असते आणि तिच्यापाशीच बोलणं संपतं. तरी थोडक्यात: सातबारा, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं. निदान आठवडाभराची औषधं, बॅटरी, चार्ज केलेला मोबाइल, थोडी रोख रक्कम, काडेपेटी, पिण्याचं पाणी सोबत असावं. निघताना मुख्य स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, सिलिंडर उंचावर पक्का बांधून. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077, तातडीचा 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक कागदावर लिहिलेले हवेत, कारण मोबाइल संपतो. वाहत्या पाण्याबद्दल एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमी पडते: वेगानं वाहणारं पाणी जेमतेम घोट्याच्या वर असलं तरी माणसाचा तोल जाऊ शकतो, आणि फूट-दोन फूट वाहत्या पाण्यात चारचाकी उचलली जाते. पुलावरून पाणी जात असताना पूल खाली शाबूत आहे का, हे वरून कळत नाही. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला आणि वाहनं सरळ नदीत गेली. पूर ओसरल्यावरची घाईही तितकीच घातक असते. चिखल उपसताना गमबूट आणि हातमोजे घालावेत, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी आरोग्य केंद्रात दाखवावं, विहीर उपसून क्लोरीन टाकल्याशिवाय पाणी पिऊ नये, वायरमननं तपासल्याशिवाय वीज चालू करू नये, आणि कपाटामागे, पेटीखाली हात घालण्याआधी साप असेल असंच धरून चालावं.

2021 च्या पुरात शिरोळ आणि करवीर तालुक्यांत बरीच गावं 2019 च्या मानानं लवकर हलली. लोकांनी जनावरं आधी बाहेर काढली, काहींनी तर प्रशासनाच्या आदेशाचीही वाट पाहिली नाही. पाणी कोल्हापुरात आधीपेक्षा उंच गेलं, तरी आदल्या वेळची छपरांवरची गर्दी पुन्हा तेवढी दिसली नाही. यातून उत्साह वाटतो, पण हे शहाणपण ताज्या आठवणीवर उभं आहे, आणि आठवण विरते. 2005 नंतरही लोक सावध झाले होते. चौदा वर्षांत नवी पिढी आली, नवी घरं झाली, मळीत भराव पडले आणि सावधपणा गेला. आठवणीच्या भरवशावर राहायचं नसेल तर ती नियमात बदलावी लागेल. म्हणून माझा आग्रह असा आहे की दर वर्षी मे महिन्याच्या ग्रामसभेत बोटींच्या आधी हा विषय घ्यावा. या वर्षी आपला घर सोडायचा आकडा किती? गेल्या पावसाळ्यानंतर मोरी उंच झाली का, भराव पडला का, जनावरं वाढली का, त्याप्रमाणे तो बदलावा. ठराव करून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकावर, दूध संकलन केंद्रावर मोठ्या अक्षरांत रंगवावा आणि त्याखाली जनावरांची जागा, माणसांची जागा आणि कोणी कोणाला न्यायचं हे लिहावं. आकडा गाठला की निघायचं की नाही यावर त्या दिवशी चर्चा करायची नाही, कारण ती मे महिन्यात होऊन गेलेली असते. हे ज्या गावात होईल, त्या गावाला बोटी लागणारच नाहीत असं मी म्हणत नाही. पण लागतील त्या थोड्या लागतील, आणि ज्यांच्यासाठी लागतील त्यांच्यापर्यंत त्या वेळेत पोचतील.